सुडी, ताडपत्री आणि वीज
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोक आपसांत बोलताना जिल्ह्याचे दोनच भाग करतात. एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट मुलूख. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुके घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवर बसलेले. चिखलीच्या बाजारात एखाद्या शेतकऱ्याला विचारा, "भाऊ, तुमच्याकडे नैसर्गिक आपत्ती कोणती येते?" तो क्षणभर थांबेल आणि म्हणेल, "आमच्याकडे कसली आपत्ती? पाणी पडत नाही, हीच आपत्ती."

त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. पैनगंगा याच जिल्ह्यात उगम पावते, त्यामुळे चिखली तालुक्यातून जाताना ती अजून लहानच असते; फुगते, काठची शेते खरडते, पण पुढे नांदेड-यवतमाळकडे तिचे जे रूप होते ते इथे नसते. महापूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे २६ जुलै २००५ ची मुंबई येते. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. साधारण वर्षी आमच्याकडे अख्ख्या पावसाळ्यात एवढा पडत नाही. भूकंप म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. सुमारे आठ हजार माणसे त्यात गेली. अगदी आपल्याच जिल्ह्यात, २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदी-नाल्यांनी हाहाकार उडवला, तोही घाटाखाली. मग घाटावरच्या माणसाला वाटते की संकट हे नेहमी दुसऱ्याच्या दारी जाते.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर गावोगावी, बचत गटांच्या बैठकींत आणि शाळांत याच विषयावर बोलत असतो. माझे म्हणणे असे, की घाटावर आपत्ती येतेच, पण ती किरकोळ विक्रीने येते. एका वेळी एक शेत, एक घर, एक माणूस. हेलिकॉप्टर येत नाही, मंत्री येत नाहीत, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात: 'वीज पडून शेतमजूर महिला ठार, दोघी जखमी'. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्याचे नाव घालून तीच बातमी पुन्हा. या चार-चार ओळी देशभरातून गोळा केल्या तर काय होते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग अपघाती मृत्यूंची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०१९ ते २०२२ या चारही वर्षांत भारतात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे गेली. पूर, उष्माघात, थंडी, दरड या सगळ्यांच्या तुलनेत निसर्गाच्या तडाख्याने होणाऱ्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा विजेचा आहे. आणि हे मृत्यू होतात मुख्यतः शेतात, दुपारनंतर, काम करणाऱ्या माणसांचे.

चक्रीवादळाबाबत आपण पुष्कळ शिकलो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास लोक गेले. २०१३ च्या फायलिन वादळात लाखो माणसे वेळेवर हलवली गेली आणि मृत्यूंची संख्या काही डझनांवर आली. वादळ चार दिवस आधी दिसते, सरकार बस पाठवते, माणसे निवाऱ्यात नेते. विजेच्या बाबतीत मात्र कोणतेही सरकार तुमच्या बांधावर बस पाठवू शकत नाही. ढग वर चढायला लागल्यापासून पहिला लोळ पडेपर्यंत कधी तास मिळतो, कधी अर्धाच तास. त्या अर्ध्या तासात काय करायचे हे घरानेच आधी ठरवलेले असावे लागते. म्हणून मी याला सरकारी खात्याचा विषय न म्हणता घरातला विषय म्हणतो.

आता आमचे पीकपाणी आणि विजेचा हंगाम यांची गाठ कशी पडते ते सांगतो, कारण खरे दुखणे तिथे आहे.

वीज वर्षभर सारखी पडत नाही. तिचा जोर दोन वेळा असतो. एकदा पावसाळा सुरू होण्याआधी आणि सुरू होताना, म्हणजे रोहिणी आणि मृगात. दुसऱ्यांदा पावसाळा परत फिरताना, म्हणजे हस्त आणि चित्रा नक्षत्रांत. ऐन आषाढ-श्रावणातली झड कितीही लागली तरी तिच्यात गडगडाट कमी. जमीन तापलेली, हवेत ओल आणि वर थंड हवा, असा योग जुळला की दुपारी दोन-तीननंतर ढग कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढतात. म्हातारी माणसे 'हत्ती गरजतो' म्हणतात ते हेच.

आणि आमच्या शेतात याच दोन वेळी सर्वांत जास्त माणसे असतात. जूनमध्ये सोयाबीन पेरायचे, सरकी टोबायची. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सोयाबीन सोंगायचे. चिखली परिसरात ज्वारी-कपाशीचे रान मागे सारून सोयाबीन पसरले, तेव्हापासून ऑक्टोबरची ही धांदल फार वाढली. सोयाबीन सोंगून वाळले की त्याची सुडी घालतात. सुडी म्हणजे शेतातच रचलेला मोठा ढीग. मळणी यंत्राचा नंबर लागेपर्यंत ती दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडाभर उघड्यावर असते. त्या ढिगात काय असते? घरातल्या मुलीची कॉलेजची फी असते, कृषी केंद्राची उधारी असते, सोसायटीचे कर्ज असते आणि तोंडावर आलेली दिवाळी असते. शेंगा भिजल्या, वर ऊन पडले, की दाणे काळे पडतात, कोंब फुटतात आणि बाजार समितीत व्यापारी मूठभर दाणे हातावर घेऊन भाव पाडतो.

म्हणून ढग गरजू लागला की शहरातला माणूस घरात पळतो आणि आमचा शेतकरी शेताकडे पळतो. "पाणी येऊ राहिलं, सुडी झाका!" ही हाक तुम्ही ऐकली असेल. बाप, पोरगा, सून, सगळे ताडपत्री घेऊन धावतात. वारा सुटलेला, ताडपत्रीची टोके हातातून निसटतात, एकजण सुडीवर चढून वरून दाबतो, खालचे दगड बांधतात. मोकळ्या सपाट रानात सुडी हीच सर्वांत उंच, आणि तिच्यावर उभा माणूस त्याहून उंच. विजेला यापेक्षा सोपे निशाण कोणते हवे?

याच्यावर लोक मला सांगतात, "सर, पाऊस सुरू झाला की आम्ही पळतोच ना." पण वीज पावसाची वाट पाहत नाही. ढगाच्या मुख्य अंगापासून आठ-दहा किलोमीटर लांबही ती पडू शकते. तुमच्या डोक्यावर अजून ऊन असते, पलीकडच्या गावावर अंधारून आलेले असते, आणि तेवढ्यात लोळ येतो. पावसाचे पहिले थेंब येण्याआधीची जी पंधरा-वीस मिनिटे सुडी झाकण्यात जातात, तीच धोक्याची असतात.

यावर उपाय काय, तर सुडी ज्या दिवशी घातली त्याच दिवशी ती झाकून, दोराने बांधून घरी यायचे. आभाळ स्वच्छ असो नसो. सुडी शक्यतो शेतातल्या उंचवट्यावर, खाली पऱ्हाट्या किंवा लाकडे टाकून घालावी. ताडपत्री चारी बाजूंनी ओढून दोराने खुंट्यांना बांधावी. दगड ठेवले तर वाऱ्याने ताडपत्री फडफडते आणि दगड घरंगळतात, मग ऐन वादळात कुणीतरी पुन्हा धावते. ताडपत्री पावसाळ्याआधी एकदा उन्हात पसरून तिची भोके पाहून घ्यावीत. ऑक्टोबरमध्ये घाईघाईने बाजारातून आणलेली ताडपत्री महाग पडते आणि पुष्कळदा अपुरीही. उघडा माल दुपारी पसरलेला असेल तर दोन वाजता आभाळ पाहून, तीन वाजण्याच्या आत झाकायचा. ढग गरजू लागल्यावर मात्र सुडी उघडी राहिली असली तरी तिच्याकडे जायचे नाही. हे घरात आधी बोलून ठेवले पाहिजे, कारण त्या क्षणी कुणाला सुचत नाही आणि घरातला तरुण मुलगा कुणाचे ऐकत नाही.

आता वीज म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात. उंच ढगाच्या पोटात बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा वाऱ्याने वर-खाली होत एकमेकांवर घासतात. त्या घासण्यातून विद्युतभार वेगळे होतात; वरच्या भागात धन, खालच्या भागात ऋण. खालचा भार खूप साठला की तो जमिनीकडे उडी घेतो. एका लोळात साधारण तीस हजार अँपिअरचा प्रवाह असतो. आपल्या घरातला पंखा एका अँपिअरपेक्षाही कमी घेतो. हवा क्षणात सूर्याच्या पृष्ठभागाच्या काही पट तापते आणि स्फोटासारखी फाकते, तोच गडगडाट. प्रकाश लगेच दिसतो, आवाज एक किलोमीटर यायला तीन सेकंद घेतो. म्हणून चमक दिसल्यावर आकडे मोजा आणि तीनाने भागा. तीस मोजेपर्यंत गडगडाट आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर आणखी तीस मिनिटे बाहेर पडायचे नाही. हे जगभर मान्य झालेले मोजमाप आहे आणि त्याला ना बॅटरी लागते ना रेंज.

माणूस विजेने मरतो म्हणजे ती त्याच्या डोक्यावरच पडते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात थेट अंगावर पडून मरणारे थोडे. जास्त लोक दोन प्रकारांनी सापडतात. एक म्हणजे झाडाखाली. वीज झाडावर पडते, खोडातून खाली येते, पण ओल्या खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून जाणे तिला सोपे वाटले तर वाटेतच शेजारी उभ्या माणसाकडे उडी मारते. धुऱ्यावरचा कडुनिंब पावसापासून आसरा देतो, विजेपासून देत नाही. तो तुम्हाला तिच्या वाटेवर आणून उभा करतो. बातम्या काढून पाहा, 'झाडाच्या आडोशाला उभे असताना' हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतात.

दुसरा प्रकार जमिनीतून. वीज जिथे पडते तिथून प्रवाह जमिनीत चहूकडे पसरतो आणि लांब जाता जाता कमी होतो. तुमचा एक पाय जवळ आणि दुसरा लांब असेल, तर दोन पायांमधल्या विद्युतदाबाच्या फरकाने प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. बैल-म्हैस यांचे पुढचे आणि मागचे पाय पाच-सहा फूट लांब असतात आणि मधे हृदय असते. झाडाला बांधलेली जोडी मरते आणि जवळच उभा गडी वाचतो, यात नशिबापेक्षा पायांतल्या अंतराचा भाग जास्त. ढग येताना जनावरे झाडापासून सोडावीत आणि तारेच्या कुंपणापासूनही लांब न्यावीत. रोही आणि रानडुकरांच्या त्रासाने आता शेताशेताला तारा ओढल्या आहेत. एका टोकाला वीज पडली तर ती तार तिला बरीच लांब वाहून नेते.

बरे, झाडाखाली नाही तर जायचे कुठे? हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत घरोघरच्या बायकांना विचारतो आणि पुष्कळदा उत्तर येत नाही, कारण शेतात तशी जागाच नसते. सर्वांत चांगले म्हणजे भिंती आणि छप्पर असलेले पक्के घर, शाळा, समाजमंदिर. त्यानंतर पत्र्याच्या बंद टपाची मोटार, जीप, एसटी. वीज अशा गाडीच्या बाहेरच्या धातूवरून जमिनीत जाते. आत बसलेल्याने काचा वर कराव्यात आणि धातूला हात लावू नये, एवढेच. चाकांचे रबर वाचवते हा गैरसमज. उघडी रिक्षा, मोटारसायकल, ट्रॅक्टर, ट्रॉली यांचा काही उपयोग नाही. चारी बाजूंनी उघडा शेतातला कोठा, मळ्यातले मचाण, मोबाईलचा मनोरा, विहिरीवरची पत्र्याची शेड यांत थांबू नये. गावात मोबाईलचा मनोरा आहे म्हणून आपण सुरक्षित, असे काही जण मानतात. अशा उंच वस्तूचे संरक्षण फार तर तिच्या उंचीएवढ्या परिसरापुरते असते, पलीकडच्या शिवारात तिचा काही फायदा नाही.

अगदी उघड्या रानात सापडलोच, तर उंच वस्तूपासून दूर, सखल पण पाणी न साचलेल्या जागी पाय जुळवून उकिडवे बसावे, कान झाकावे, आडवे पडू नये. बायकांचा घोळका असेल तर एकमेकींपासून वीस-पंचवीस पावले लांब बसावे, म्हणजे एकीवर आली तर बाकीच्या मदतीला उरतात. पण मी हे नेहमी शेवटी सांगतो, कारण उकिडवे बसल्याने वीज टळत नाही. थोडासा धोका कमी होतो, इतकेच. खरा उपाय वेळेवर निघण्याचा.

आणि वेळेवर निघणे हे मजुराच्या हातात नसते, ही गोष्ट आपण सहसा बोलत नाही. चार-पाच जणी मिळून दोन एकर सोयाबीन गुत्त्याने घेतात. जितके सोंगतील तितके पैसे. तीन वाजता काम सोडून गावात गेल्या तर उद्याची एक खेप वाढते, उद्या दुसऱ्याच्या शेतावर बोली झालेली असते. रोजंदारी असेल तर मालक म्हणतो, अर्धा दिवस भरला, अर्धा रोज घ्या. मग त्या ढगाकडे बघतात, विळ्याकडे बघतात आणि म्हणतात, एवढी पात काढून जाऊ. त्यांना अज्ञानी म्हणू नका. त्यांनी हिशेब केलेला असतो, आणि तो हिशेब बदलायचा असेल तर मालकाने बदलायला हवा. माझ्या ओळखीच्या काही शेतकऱ्यांनी आता बोलीतच ठरवून टाकले आहे की विजेमुळे काम थांबले तर रोज कापायचा नाही, आणि मजूर आणणारी बंद टपाची गाडी संध्याकाळपर्यंत शेतावरच उभी ठेवायची. गाडीवाला थोडे जास्त घेतो. एका सुडीच्या किमतीपुढे ते काही नाही.

समजुतींबद्दलही बोलायला हवे. आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते असे म्हणतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. लहानपणी आमच्या गल्लीत एक पायाळू मुलगा होता. ढग आले की आया त्याला आपल्या ओसरीवर उभे राहू देत नसत. विजेला तुमचा जन्म कसा झाला याची खबर नसते. तिला उंची कळते आणि वाट कळते. या समजुतीने त्या पोराला ढग आल्यावर ओसरीवरून बाहेर काढले, म्हणजे नेमके जिथे जायला नको तिथे धाडले. मोबाईल खिशात असल्याने वीज ओढली जाते हेही खरे नाही. मात्र चार्जरच्या वायरला लावलेला मोबाईल कानाला धरणे, टीव्हीच्या केबलला हात लावणे, मोटारीचा स्टार्टर दाबणे हे टाळावे, कारण डीपीवर पडलेली वीज तारांतून घरात येते. टीव्ही-फ्रिजचे प्लग ढग आल्यावर आधीच काढावेत. कडकडाट चालू असताना ते काढायला जाऊ नये.

सर्वांत घातक समजूत ही की वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो. त्याच्या अंगात वीज उरत नाही. देशाच्या काही भागांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात, की शेण वीज शोषून घेईल. त्यात त्याच्या आयुष्याची मोलाची मिनिटे जातात. विजेने बऱ्याचदा हृदय आणि श्वास थांबतात, पण शरीर फारसे भाजलेले नसते. तो मेला असे समजून लोक कण्हणाऱ्याकडे वळतात. खरे तर जो कण्हतो आहे तो बहुधा जगतो, आधी हात द्यायचा तो निपचित पडलेल्याला. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करायचा. गाडी येईपर्यंत दाब थांबवायचा नाही. दमलात तर दुसऱ्याने घ्यायचा. हे आमच्या शाळांत दहावीच्या मुलांना उशीवर दाबून शिकवता येते, एका तासात.

अमेरिकेत १९४० च्या दशकात वीज पडून वर्षाला तीनशेच्या आसपास माणसे मरत. आता हा आकडा वीसच्या घरात आला आहे. त्यांनी आकाशात काही यंत्र बसवले म्हणून असे झाले नाही. उघड्या शेतात राबणारी माणसे कमी झाली, घरे पक्की झाली, गाड्या आल्या. आपल्याकडे शेतात माणसे राहणारच आहेत. म्हणून आपला मार्ग वेगळा, इशारा त्यांच्या कानापर्यंत नेण्याचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज कुठे पडते आहे ते टिपणारी यंत्रणा उभारली आणि 'दामिनी' नावाचे मोबाईल ॲप काढले. तुमच्या जागेपासून २० ते ४० किलोमीटरच्या परिघात विजा होत असतील तर ते सांगते. ॲप चांगले आहे. पण शेतात निंदणाऱ्या बाईचा फोन साधा असतो, किंवा घरी पोराकडे असतो. तेव्हा गावात ज्याच्याकडे ते आहे, मग तो ग्रामपंचायतीचा शिपाई असो, दुकानदार असो की कॉलेजातला पोरगा, त्याने मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगावे. पूर्वी दवंडी होती. तिची जागा भोंग्याने घ्यायला कुणाची परवानगी लागू नये. मंदिर, मशीद, शाळा या इमारतींवर वीजरोधक तांब्याची तार बसवून ती जमिनीत नीट पुरली आहे ना, तुटली तर नाही ना, हेही वर्षातून एकदा पाहायला हवे. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात सुचवलेली ही सळई आजही तितकीच कामाची आहे, पण जमिनीकडची टोके चोरीला गेलेली सळई काही कामाची नाही.

गारपिटीचे थोडक्यात सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा ११ फेब्रुवारी २०१८ रोजी विदर्भ-मराठवाड्याने ती पाहिली. दुसऱ्या वेळी बुलढाणा आणि जालना जिल्ह्यांना मोठा फटका बसला. उभा गहू, हरभरा, कांद्याचे बियाणे याला घर काही करू शकत नाही. लिंबाएवढी गार ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने येते. तिच्यासमोर डोक्यावरचे घमेलेसुद्धा ढाल आहे, ते घालून आडोसा गाठावा, एवढे सांगतो.

वादळी वाऱ्याचे मात्र घरात पुष्कळ करता येते. घाटावर माळवदाची घरे मोडून पत्र्याची झाली. पत्रा उडू नये म्हणून त्यावर लोक मोठमोठे दगड ठेवतात. मे महिन्यातल्या वादळात पत्रा उचलला जातो आणि दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. पाळण्यातल्या लेकरांचे बळी यात गेले आहेत. दगड काढा. पत्रा लाकडाला किंवा अँगलला हुक-बोल्टने कसा, कडेच्या ओळीत बोल्ट जवळजवळ घ्या, कारण वारा कडेपासूनच पत्रा उचलतो. तेही झाले नाही तर वाळूच्या गोण्या दोराने भिंतीतल्या कड्यांना बांधा. दोनशे-पाचशे रुपयांचे काम आहे. गवंड्याकडून ते अक्षय्य तृतीयेच्या आधी करून घ्यावे. वादळाचे दिवस लगेच पुढे असतात. रात्री वारा सुटला तर पत्र्याच्या घरात भिंतीच्या कोपऱ्याला बसावे, मधोमध झोपू नये. विजा चालू असतील तर त्याच भिंतीला टेकू मात्र नये, हात-दीड हात अंतर ठेवावे.

शेवटी कागदांबद्दल. सातबारा, बँकेचे पासबुक, आधार, रेशनकार्ड यांच्या प्रती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एकाच ठिकाणी असाव्यात. पत्रा उडाल्यावर पहिले भिजतात ते कागद. नुकसान झाले की उचलण्याआधी फोटो काढावेत आणि तलाठ्याला त्याच दिवशी कळवावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, तो फुकट लागतो. पीकविम्याचे नियम वरचेवर बदलतात. यंदा काय भरून मिळते आणि किती तासांत कळवायचे, हे अर्ज भरतानाच विचारून पासबुकावर लिहून ठेवावे.

वीज पडून माणूस गेला तर आपत्ती निधीतून कुटुंबाला चार लाख रुपये मिळतात. त्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखात घरचे म्हणतात, आता कशाला देहाची चिरफाड, आणि परस्पर अंत्यविधी होतो. मग वीज पडूनच मृत्यू झाला याचा पुरावा राहत नाही, आणि मागे राहिलेली बाई वर्षभर तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढते. अशा वेळी घरातल्यांना सुचत नाही, म्हणून शेजाऱ्याने, पोलीस पाटलाने हे आधी बोलावे. बैल किंवा म्हैस दगावली असेल तर पशुवैद्यकीय अधिकारी पाहून जाईपर्यंत तिला पुरू नये आणि कानातला बिल्ला काढू नये.